एजंटाने आणून दिलेला बनावट एनए (बिनशेती) आदेश

शेतात घर बांधायचंय आणि तालुक्याच्या कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानात बसलेला कुणी "एनए, प्लॅन मंजुरी, सगळं पॅकेजमध्ये करून देतो" म्हणाला, तर जरा थांबा.

2022 मध्ये आमच्याकडून असे 80 हजार गेले. 58 हजार रोख, 22 हजार "सरकारी चलनाचे" म्हणून फोनपेवर. महिन्याभरात बिनशेती आदेश हातात आला: जमीन महसूल संहितेचं कलम 44, गोल शिक्का, हिरव्या शाईतली सही, जावक क्रमांक. घरच्यांनी पेढे वाटले, पायाही खोदला.

बिंग फुटलं गृहकर्जाच्या वेळी. बँकेच्या वकिलांनी नकाशा बघून विचारलं, "जमीन गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत दिसते. इथे कलम 42 ड लागतं, रूपांतरण कर नि अकृषिक आकारणी भरून जमिनीचा वापर बदलल्याची सनद मिळते. मग हा 44 चा आदेश कुणी काढला?"

कचेरीत कारकुनाने जावक नोंदवही उघडली. आमच्या आदेशावरचा क्रमांक दुसऱ्याच गावच्या रेशनकार्डाच्या पत्राचा निघाला. सही ज्या साहेबांची, त्यांची बदली त्या तारखेच्या आधीच झालेली! चलनावरचा जीआरएन (भरण्याचा क्रमांक) 'ग्रास' या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा साइटवर टाकला, तर तिथे भलत्याच माणसाचं नाव, तेही मुद्रांक शुल्कापोटी. हे दोन मिनिटांचं काम आहे. एजंटाने चलन दाखवलं की तिथेच मोबाइलवर जीआरएन तपासा. नाव, रक्कम, लेखाशीर्ष (पैसे कशापोटी भरले ते) तिन्ही जुळलं पाहिजे.

आणखी एक. सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, ही परवानगी वेगळी घ्यावी लागते. सरपंचांच्या ना-हरकतीवर किंवा घरपट्टीच्या उताऱ्यावर गावठाणाबाहेरचं घर कायदेशीर ठरत नाही. आमच्याकडे निम्मं गाव अजून ठरतं असंच समजतं, आणि या एजंटांचा धंदा त्यावरच चालतो.

पोलिसांनी आधी "हा तुमचा दिवाणी वाद" म्हणून वाटेला लावलं. बनावट सरकारी दस्तऐवज हा फौजदारी गुन्हा आहे, असा लेखी अर्ज वरिष्ठांकडे दिल्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमं 420, 467, 468, 471 लागली. रोख रकमेला पुरावा नव्हता, फोनपेची नोंद तेवढी उपयोगी पडली.

गुन्हा दाखल व्हायच्या आधी एजंट घरी येऊन गेला होता. "टायपिंगची चूक आहे, ओरिजिनल द्या, दुरुस्त करून आणतो." वडिलांनी दिला नाही. तुमच्याकडे असा कागद असेल तर मूळ प्रत त्याच्या हाती पडू देऊ नका.