बंद होत असलेल्या गाळ्यातून घेतलेली लेथ, मिलिंग आणि ग्राइंडर: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक गाळा गेल्या वर्षी बंद झाला. मालक सत्तरी ओलांडलेले, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, आणि शेजारच्या गाळ्यांच्या जागी केव्हाच काचेच्या इमारती उभ्या राहिलेल्या. त्यांच्याकडून मी एक सेंटर लेथ, एक व्हर्टिकल मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर आणि टेम्पोभर किरकोळ सामान घेतलं आणि कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये आणून बसवलं. आमच्याकडे फाउंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं मशिनिंग चालतं, पंपाचे शाफ्ट होतात आणि गळीत हंगाम जवळ आला की साखर कारखान्यांचं दुरुस्तीचं काम येतं. मशिनी रोज चालतात. एक अख्खा पावसाळा आणि एक हंगाम त्यांच्यावर काढून झालाय, म्हणून आता लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. जुनी मशीन घ्यायची असेल तर शॉप चालू असताना घ्या, वीज तुटायच्या आत. एकदा मीटर काढून नेला की समोर उरतं ते दीड टन लोखंड, आणि विकणारा सांगेल ते खरं मानावं लागतं. डीलरच्या गोदामात तर त्याहून वाईट. तिथे पुट्टी भरून हिरवा रंग मारलेल्या, झगझगीत मशिनी असतात, पण त्या चालवून बघायला थ्री फेजचं कनेक्शनच नसतं. अशा ठिकाणी पाऊण तास घालवून मी परत आलो. रंगाला मी पैसे देत नाही. चालू शॉपमध्ये मशीन जिथे बसवली होती तिथेच उभी असते, तिच्यावर कालपर्यंत काम झालेलं असतं आणि ती चालवणारा माणूस शेजारी असतो. हा तिसरा फायदा पैशात मोजता येत नाही.

एमआयडीसीची स्थापना १९६२ सालची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. तिथे आलेल्या पहिल्या पिढीच्या मशिनी बहुतेक देशी होत्या. हरिहरच्या मैसूर किर्लोस्करची लेथ, बेंगळुरूच्या एचएमटीची एनएच मालिका, बीएफडब्ल्यूच्या मिलिंग, सिकंदराबादच्या प्रागाचे ग्राइंडर, आपल्या साताऱ्याच्या कूपरचे शेपर. यातले काही कारखाने आता नाहीत, तरी या मशिनींची नस ओळखणारे फिटर अजून प्रत्येक एमआयडीसीत सापडतात आणि बरेचसे सुटे भाग बाजारात मिळतात. मी मुद्दाम याच घराण्यातली मशीन शोधत होतो. पूर्व जर्मनीहून किंवा चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या जुन्या मशिनी कामाला उत्तम असतात, पण एखादं गिअर तुटलं की ते नव्याने कापून घ्यावं लागतं. ज्याच्याकडे स्वतःचं हॉबिंग (गिअर कापायची मशीन) आहे त्याने खुशाल घ्यावी.

आता लेथ. किर्लोस्कर टर्नमास्टर, एक लाख सत्तर हजार अधिक जीएसटी. गाळ्यातले टर्नर काका तीस वर्षं त्याच मशीनवर होते. त्यांना पहिला प्रश्न विचारला, "काका, ही सगळ्यात जास्त कुठं चालली?" ते म्हणाले, "चकापासून (काम धरणाऱ्या जबड्यापासून) हातभर. आयुष्यभर बुशच काढले, पुढं जायचं कामच नव्हतं." बेडची (मशीनच्या लांब पायाची) झीज कुठे बघायची ते या एका उत्तरात कळलं. सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ आणून त्याचा लॉक असा आवळला की हाताने जेमतेम सरकेल, आणि तसाच टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) ढकलत नेला. बेड सारखा असेल तर सॅडल सगळीकडे सारख्या जोराने चालतो. घासलेला असेल तर पुढे गेल्यावर जाम होतो, कारण तिथे बेड मूळ मापाचा असतो. आमचा पुढे थोडा जड झाला, पण अडकला नाही. तीस वर्षांच्या बुशकामाला एवढी झीज मी मान्य केली.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मुख्य दांडा. चकात बार धरून, डायलचं (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाचं) टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवून बारखाली लाकडाची दांडी घातली आणि वर दाबून पाहिलं. काटा जितका हलेल आणि परत येईल तितकी बेअरिंगमधली ढील. दोन शतांशांच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या) आत असेल तर चिंता नाही. त्यानंतर सगळे वेग एकेक करून टाकले आणि प्रत्येक वेगावर मशीन नीट गरम होईपर्यंत चालू ठेवली. थंड मशीनचा आवाज फसवतो, कारण तेल घट्ट असतं आणि गिअरचा खडखडाट दबतो. विकणारा घाई करत असेल तर त्याला चहा पाजा, पण मशीन गरम होऊ द्या.

शेवटची परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष कट. ५० मिमीचा बार चकातून साधारण १५० मिमी बाहेर ठेवला, टेलस्टॉक लावला नाही आणि बारच्या दोन टोकांना एकेक कॉलर एकाच सेटिंगवर, बारीक कट घेऊन काढली. दोन्ही मायक्रोमीटरने मोजल्या. फरक एका शतांशाच्या आसपास आला. याचा अर्थ हेडस्टॉक (स्पिंडलची पेटी) बेडला समांतर आहे, कुणी धडकवून वाकडा केलेला नाही. ही परीक्षा करू न देणाऱ्याकडून लेथ घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वर्षभराचा हिशेब असा. लेथने एकदाही काम अडवलं नाही. हाफ नट (आटे पाडताना सॅडल ओढणारा) घासलेला होता, तो गनमेटलचा नवीन करून घेतला. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूची ढील नट आवळून निम्म्याने कमी झाली. मोटार मूळचीच आहे. विजेचं पॅनेल मात्र आणल्याबरोबर काढून टाकलं आणि नवीन कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि आणीबाणीचं लाल बटण बसवून घेतलं. ते करताना काटकसर करू नका, जुन्या वायरचं कापड आणि रबर हाताने चुरगळतं. बेअरिंगच्या फिटचे शाफ्ट आम्ही रोज काढतो आणि गिऱ्हाईक माप घेऊन समाधानाने जातं. फक्त लांब शाफ्टला चकाजवळ दोनेक शतांशांचा टेपर (निमुळतेपणा) येतो, तेवढं ग्राइंडिंगचं माप जास्त ठेवतो.

मिलिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती नुसती चांगली निघाली. स्पिंडलचा टेपर (टूल बसायचं निमुळतं भोक) आयएसओ ४० मापाचा आहे, त्यामुळे आर्बर आणि कोलेट चक (कटर धरायची साधनं) आजही कुठल्याही टूलच्या दुकानात मिळतात. मिलिंग बघताना आधी हा टेपर विचारा. विचित्र टेपरची मशीन फुकट मिळाली तरी तिचे आर्बर करून घेण्यात जीव जातो. टेबलच्या मधल्या भागात टी-स्लॉटच्या कडा तुटलेल्या नाहीत ना, आणि टेबलवर ड्रिलची भोकं पडलेली नाहीत ना, एवढं डोळ्यांनी बघितलं तरी ती मशीन कुणाच्या हाताखाली होती ते समजतं.

सरफेस ग्राइंडरने काम दिलं, पण त्याने वर्षभर लक्ष मागितलं. हायड्रॉलिक सिलिंडरचे सील गेलेले होते. ते घेतानाच दिसत होतं आणि त्याप्रमाणे किंमतही कमी झाली. सील बदलून झाले, तेल ६८ ग्रेडचं भरलं, तरी उन्हाळ्यात दुपारनंतर तेल पातळ झालं की टेबल परतताना धक्का मारायचं. टाकी मोठी केल्यावर ते थांबलं. मॅग्नेटिक चक त्याच मशीनवर पुन्हा ग्राइंड करून घेतला. ग्राइंडर जुना घेणाऱ्याने हा खर्च आणि वेळ धरूनच घ्यावा. रोजच्या उत्पादनासाठी ग्राइंडर हवा असेल तर मी नवीनच सुचवेन.

आता किरकोळ सामानाकडे येतो, कारण खरा फायदा तिथे झाला. बंद होणाऱ्या गाळ्यातला मालक मशिनीचा भाव घासून घेतो, पण कपाटं आणि ड्रॉवर त्याच्या दृष्टीने भंगार असतात. भंगारवाला ते किलोवर नेणार असतो. डॅगरचे रीमर, मिरांडाचे टूल बिट, अ‍ॅडिसनचे टेपर शँक ड्रिल, ८७ नगांचा स्लिप गेजचा (मापं तपासायच्या ठोकळ्यांचा) संच, बेकरचे डायल, दोन व्ही ब्लॉक, ग्रॅनाइटची नव्हे तर हाताने स्क्रॅप केलेली बिडाची सरफेस प्लेट. नवीन घ्यायला गेलं तर लेथच्या किमतीएवढे पैसे यातच जातील. स्लिप गेज आल्याबरोबर कॅलिब्रेशनला पाठवले, दोन नग नापास झाले आणि बाकीचे आजही वापरात आहेत.

लेथसोबतचं सामान तर आधीच बोलून घ्यावं: चार जॉचा चक, फेस प्लेट, लांब कामाला आधार देणारे स्टेडी आणि फॉलोअर, आणि सगळी चेंज गिअर (आट्यांसाठी बदलायची गिअर). आमच्या लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल चालवणारा लांब स्क्रू) इंची आहे, एका इंचाला ४ आटे. त्यावर मिलिमीटरचे आटे बिनचूक पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. हे गिअर मशीनवर कायम नसतं. ते कुठेतरी कोपऱ्यात, ग्रीस आणि धुळीने काळं होऊन पडलेलं असतं, आणि तेच सोडून लोक लेथ घेऊन जातात. आमचं खिडकीखालच्या लाकडी पेटीत, कोरड्या पडलेल्या कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेलं सापडलं. दाखवलं तेही काकांनीच. पेटीच्या झाकणाच्या आत त्यांनी खडूने कुठल्या पिचला कुठलं गिअर ते लिहून ठेवलं होतं. त्याचा फोटो मोठा करून मी लेथशेजारी लावलाय. मालकाला पैसे दिल्यावर काकांना वेगळं पाकीट दिलं, ते दिलंच पाहिजे. अजूनही काही अडलं की त्यांना फोन करतो. तिसरा वेग टाकताना चक हाताने किंचित फिरवायचा, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

कागदपत्रांत आळस करू नका. बंद होणाऱ्या शॉपवर बहुतेक वेळा बँकेचं कर्ज असतं आणि मशीन तारण असते. बँकेचं ना-हरकत पत्र मागा, सरसाईच्या (तारणांच्या केंद्रीय) नोंदणीत शोध घ्या, विकणारी खासगी मर्यादित कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडे चार्जची, म्हणजे तारणाची, नोंद बघा. रोखीत आणि बिलाशिवाय स्वस्त मिळतं म्हणून भुलू नका. १८ टक्के जीएसटीचं बिल असेल तर तेवढं क्रेडिट मिळतं, आणि राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल रस्त्यावर काढायला ई-वे बिल लागतंच.

उचलताना हायड्रा क्रेनवाल्याच्या भरवशावर सोडू नका. लेथच्या बेडला बेल्ट घालताना तो लीड स्क्रू आणि फीड शाफ्टवर दाबला जाता कामा नये, मध्ये लाकडाचे ठोकळे घाला. सॅडल आणि टेलस्टॉक सरकवून तोल साधला की लॉक करा. सगळ्या घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर ग्रीस, वर प्लास्टिक, त्यावर ताडपत्री. आमची गाडी खंडाळ्याच्या पावसातून आली, पण गंजाचा ठिपका नव्हता.

बसवल्यावर लेव्हल साधी मिस्त्रीची चालत नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी प्रिसिजन लेव्हल भाड्याने किंवा ओळखीवर मिळते. बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पायाखालचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) बदलत जायचं. महिन्याभराने पुन्हा तपासा, पावसाळ्यानंतर आणखी एकदा. आमच्या शेडची जमीन काळ्या मातीवर भराव टाकून केलेली आहे आणि पावसाळ्यानंतर एक कोपरा खरंच बसला होता. लेथवर टेपर वाढला म्हणून बेडला दोष देण्याआधी लेव्हल बघा.

त्याच गाळ्यात आणखी दोन मशिनी होत्या, त्या मी घेतल्या नाहीत. एक जुनी सीएनसी (संगणकाच्या कंट्रोलरवर चालणारी मशीन). अशा मशिनींच्या कंट्रोलरमधले पॅरामीटर बॅटरीवर टिकून असतात. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिली आणि बॅटरी उतरली की सगळं पुसलं जातं, मग मशीन धड असूनही मुकी होते. पॅरामीटरचा छापील कागद बऱ्याचदा पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेला असतो. तो नसेल आणि बॅकअपही नसेल, तर सीएनसी घेऊ नका. इथे तो नव्हता.

दुसरी मशीन की-क्लचची पॉवर प्रेस, जवळजवळ भंगाराच्या भावात. तिला ना गार्ड होता ना दोन हातांचं बटण. क्लचची की (खिट्टी) अडकली तर प्रेस आपोआप दुसरा फटका मारते आणि तेवढ्यात माणसाची बोटं जातात. आमच्या औद्योगिक वसाहतींत अशी बोटं गमावलेली माणसं रोज दिसतात. माझ्या शेडमध्ये हाताने माल घालायची अशी प्रेस येणार नाही आणि कुणी स्वस्तात घेतोय म्हटलं तर मी त्याला अडवतो.

सध्या रेडियल ड्रिल शोधतोय, आर्म निदान एक मीटरचा, बाटलीबॉयचा असेल तर उत्तम. सातपूर, अंबरनाथ, भोसरी कुठेही चालेल. अट एकच, मशीन अजून जागेवर असावी आणि वीज चालू असावी.