इथर्स व्हर्जन 6, सात महिन्यांनंतर: एका स्पेसपायी गेलेला शनिवार

सात महिने इथर्स वापरतोय, म्हणजे इथेरियमसारख्या ब्लॉकचेनशी बोलणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. काम एकच: एका क्लायंटच्या डिझायनर मंडळींचे पैसे दर महिन्याला पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर यूएसडीसीमध्ये (डॉलरशी बांधलेलं डिजिटल चलन) पाठवायचे. यादी एक्सेलमधून येते. व्हर्जन 6 मधले बदल, म्हणजे मोठ्या आकड्यांसाठी बिगइंट, नेटवर्कशी जोडणारे नवे प्रोव्हायडर, हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते चुकीच्या इनपुटच्या एररबद्दल, कारण त्यातल्या एकीने माझा अख्खा शनिवार खाल्ला, वर पैसेही.

पैसे सोडण्याआधी मी हार्डहॅट या टेस्टिंग टूलच्या लोकल फोर्कवर, म्हणजे माझ्याच मशीनवरच्या चेनच्या नकलेवर, यादी चालवून बघतो. त्या दिवशी मध्येच आलं, ‘नेटवर्क डझ नॉट सपोर्ट ईएनएस’. ईएनएस म्हणजे लांबलचक पत्त्यांऐवजी नावं वापरू देणारी सेवा. तिचा उल्लेख माझ्या कोडमध्ये कुठेच नाही, सगळे झीरो-एक्सवाले पत्ते. वाटलं, चेनशी जोडणाऱ्या नोड सेवेची फुकटची मर्यादा संपली असेल. महिन्याचा पेड प्लॅन घेतला. एरर तीच. संध्याकाळी एकेक पत्ता जेसॉन स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे अवतरणचिन्हांत, छापला तेव्हा दिसलं: एका ओळीत शेवटच्या अवतरणचिन्हाआधी रिकामी जागा. एक्सेलमधून आलेली स्पेस!

झीरो-एक्स आणि पुढे 40 अक्षरं, या साच्यात न बसणारं काहीही इथर्स नाव समजतं आणि ते ईएनएसला विचारायला जातं. हार्डहॅटच्या लोकल चेनवर (आयडी 31337) ईएनएस नाहीच. संताप याचा, की एरवी हीच लायब्ररी नीट सांगते. ‘इनव्हॅलिड अर्ग्युमेंट’मध्ये अर्ग्युमेंटचं नाव आणि आलेली व्हॅल्यू दोन्ही मिळतात. इथे फक्त नेटवर्कची माहिती. तो पत्ता तेवढा छापला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

लायब्ररी बदलायचीच, असं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात मत फिरलं. कुणीतरी हाताने टाइप केलेल्या पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं, आणि तो ‘बॅड अ‍ॅड्रेस चेकसम’ म्हणून जागीच अडला. 2016 च्या ईआयपी-55 या इथेरियमच्या मानकाप्रमाणे पत्त्यातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं हाच चेकसम, म्हणजे टायपिंगची चूक पकडणारी खूण. चुकलेला पत्ता त्यातून निसटण्याची शक्यता सरासरी 0.0247 टक्के. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत आणता येत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी खरंच हायसं वाटलं. रकमेचंही तसंच. यूएसडीसीला दशांशानंतर 6 स्थळं. रक्कम वाचणाऱ्या पार्सयुनिट्स फंक्शनला सातवा आकडा दिला तर परस्पर राउंड न करता ते थांबतं. त्याचा एरर कोड मात्र ‘न्यूमेरिक फॉल्ट’, तो वेगळा पकडावा लागतो.

पण पत्ता पूर्ण स्मॉलमध्ये असेल तर चेकसम तपासलाच जात नाही. आमच्या शीटमध्ये सगळं लोअरकेस करणारा फॉर्म्युला होता. तो त्याच दिवशी काढायला लावला.

आता आधी ट्रिम करून कडेच्या स्पेस काढतो, मग गेटअ‍ॅड्रेस, आणि त्याने तपासून परत दिलेलाच पत्ता पुढे वापरतो. नुसतं इझअ‍ॅड्रेस पुरत नाही. झीरो-एक्स नसलेल्या पत्त्यालाही ते हो म्हणतं, आणि ट्रान्सफरला पुन्हा तीच ईएनएसची एरर.

लायब्ररी ठेवली. पेड प्लॅन बंद केला, भरलेले पैसे मात्र गेलेच.