एमजीबीचं मूळ इंटिरिअर : एक उन्हाळा आणि एक कोल्हापुरी पावसाळा काढल्यानंतर

आमच्या १९६५ च्या एमजीबी रोडस्टरचं, म्हणजे दोन सीटच्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, इंटिरिअर मार्चमध्ये जोडून झालं. तेव्हा लगेच लिहायचं मुद्दाम टाळलं. नवं काम चार दिवस कुणाचंही छान दिसतं. कातडं, गोंद आणि रंग यांची खरी परीक्षा आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात आणि नंतर जून ते सप्टेंबरच्या ओलीत होते. आता दोन्ही होऊन गेलंय, दसरा तोंडावर आलाय.

निकाल आधीच सांगतो. जे मूळ भाग दुरुस्त करून परत बसवले, ते सगळे टिकलेत. त्रास दिला तो तयार आणलेल्या नव्या भागांनी. त्यामुळे कुणी जुनी गाडी उघडायला घेतली असेल, तर त्याला कळकळीनं सांगणं एवढंच, की काढलेला एकही तुकडा भंगारात टाकू नका. फाटलेलं सीटकव्हर, फुगलेला पुठ्ठा, तडकलेलं स्टिअरिंग, सगळं पोत्यात भरून ठेवा.

एमजीबी १९६२ साली आली आणि इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, म्हणून परदेशात तिचे सुटे भाग आजही नवे बनतात. इंजिनाची आपल्याला चिंताच नव्हती. १७९८ सीसीचं हे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं, आणि त्याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या जुन्या मिस्त्रीला बॉनेट उघडून दाखवलं की तो ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखा हात घालतो. इंटिरिअरला मात्र असा वारस इथं नाही. ते ज्याचं त्यानंच सांभाळायचं.

सगळ्यात जास्त जीव सीटमध्ये गुंतला होता. सुरुवातीच्या एमजीबींना बसायच्या भागावर खरं कातडं असायचं, साठच्या दशकाच्या शेवटी तिथं व्हिनाइल, म्हणजे कातड्यासारखं दिसणारं प्लॅस्टिकचं कापड, आलं. आमच्या सीटचं काळं कातडं कडक झालेलं, बसायच्या जागी जाळीसारख्या भेगा, आणि पायपिंगलगतची (कडेच्या गोल गोटालगतची) शिलाई उसवून भोकांची सलग चीर झालेली. ज्यांना दाखवलं त्यातल्या बहुतेकांनी नवं रेक्झिन घालायला सांगितलं. सुभाषनगरातल्या एका वयस्कर चप्पल कारागिरांनी मात्र कातडं हातात घेतलं, उलटं केलं, मागच्या बाजूनं अंगठा दाबून वाकवलं आणि म्हणाले, "ह्याला आत्ता त्याल नगो. आधी टाक्याच्या मागनं आधार द्या. टाका धरला की कातडं ऱ्हातंय."

पुढचं काम याच एका वाक्यावर झालं. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं, ते जाड आणि ताठ. सीटचं कातडं मऊ, वरून रंगाचा थर दिलेलं. म्हणजे चपलेचं कातडं इथं चालत नाही, पण चपलेचा हात चालतो. त्यांनी मेंढीच्या पातळ कातड्याच्या पट्ट्या कापल्या आणि रापीनं, म्हणजे चांभाराच्या सुरीनं, त्यांच्या कडा इतक्या तासल्या, की बोट फिरवलं तर पट्टी कुठं संपते ते कळत नव्हतं. त्या पट्ट्या उसवलेल्या भोकांच्या मागं लवचिक गोंदानं चिकटवल्या आणि जुन्याच भोकांतून आरीनं (चांभाराच्या टोच्यानं) हातशिलाई केली. नवी भोकं पाडली नाहीत, कारण जुन्या कातड्याला आणखी भोकं पाडली की ते तिकिटासारखं फाटतं. शिवणयंत्रानं हे झालं नसतं.

त्याआधी सौम्य साबण आणि मऊ ब्रशनं मळ काढला होता. टाके धरल्यावर मागच्या बाजूनं लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणाचं) कंडिशनर थोडं थोडं, मध्ये दिवसाची उसंत देत, जिरवलं. भरपूर तेल चोपडायचा मोह अनेकांना होतो. तेल जास्त झालं की वरचा रंग धरत नाही आणि दोराही सैलावतो. भेगांत लवचिक फिलर, त्यावर पाण्यात मिसळणारा कातड्याचा रंग पातळ हातांत, शेवटी मॅट सीलर. चकचकीत सीलर घेऊ नका, सीट प्लॅस्टिकची दिसायला लागते.

आतला मूळ फोम पिठासारखा भुगा झाला होता आणि खालचा रबराचा आधार लोंबत होता. हे दोन्ही बदलावेच लागतात, त्यात मूळचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. फोम मात्र घट्ट घ्या. मऊ फोमवर जुनं कातडं प्रत्येक वेळी खोल वाकतं आणि भेग पहिल्यांदा तिथंच उघडते.

आता आजची स्थिती. ड्रायव्हरच्या सीटवर, उतरताना मांडी घासते त्या बाहेरच्या कडेला रंग किंचित विरलाय. बाकी शिलाई एकाही ठिकाणी उसवलेली नाही. पन्हाळ्याच्या आणि गगनबावड्याच्या रस्त्याला गाडी बऱ्याचदा नेली, वळणांवर अंग सीटच्या कडेवर रेलतं, तरी पायपिंग जागेवर आहे. जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा सीटच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली. कोरड्या कापडानं पुसली, गॅरेजमध्ये पंखा लावून ठेवला, पाऊस उघडला की दारं उघडी टाकली. परत आली नाही. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर आजच काढा. आतली ओल बाहेर पडत नाही आणि कातड्याला सगळ्यात मोठा धोका तोच आहे.

डॅशबोर्ड पोलादी, त्यावर सुरकुत्या पडल्यासारखा काळा रंग. हा रंग जाड थर देऊन उष्णता दिली की आपोआप आकसतो आणि सुरकुत्या पडतात. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग उत्तम होतं, पण त्याचा खरखरीत पोत या सुरकुतीपेक्षा वेगळा, आणि ज्याला गाडी माहीत आहे त्याला लांबूनही फरक कळतो. म्हणून स्प्रेचाच रंग वापरला आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हीटरसमोर वाळवला. उन्हाळ्यात तो कुठंही सोलला नाही. डॅश काढताना वरचे नट दिसत नाहीत, खालून हात घालून चाचपत सोडवावे लागतात. घाई केलीत तर बोटं सोलतील आणि वायरिंग ओढलं जाईल.

गेजेसबद्दल, म्हणजे डॅशवरच्या काट्यांच्या मापकांबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथंच होतं. ऑइलचं प्रेशर आणि पाण्याचं तापमान दाखवणारं एकच गोल गेज आहे. तापमानासाठी त्यातून एक बारीक तांब्याची नळी निघते, आत ईथर भरलेलं असतं, आणि तिचं टोक इंजिनाच्या हेडमध्ये बसतं. ही नळी मोडली की गेजचं तापमानाचं अंग गेलं. डॅश बाहेर काढण्यापूर्वी ते टोक हेडमधून सोडवून घ्या, ओढाताण करू नका. डायलवर कसलंही क्लीनर मारू नका, अक्षरं निघून येतात. काच आणि कड काढून फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवला. गेजच्या डब्याच्या आतला पांढरा रंग पिवळा पडला होता. तो नव्यानं दिल्यावर जुन्याच बल्बचा उजेड वाढला. एलईडी लावायचा विचार असेल तर थांबा. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. साधे एलईडी तिथं उलटे बसतात आणि पेटतच नाहीत. मोबाइल चार्जरही विचार न करता जोडू नका.

स्प्रिंगच्या तारांच्या आऱ्यांचं स्टिअरिंग व्हील हा या गाडीचा मोठा दागिना आहे. रिमला तडे होते. प्रत्येक तडा आधी कानसेनं व्ही आकारात उघडला, इपॉक्सी भरलं, घासून काळा रंग दिला. मे महिन्यानंतर एका आरीच्या मुळाशी केसासारखी रेघ परत दिसलीय. हाताला लागत नाही, पुढच्या हिवाळ्यात भरून टाकेन.

आता तक्रारीचं. दारांच्या आतल्या पॅनेलचा एक तयार संच परदेशातून मागवला होता. किंमत भरपूर, कस्टम वेगळं. हँडलची भोकं जागेवर आली नाहीत, व्हिनाइलचा पोत सीटच्या कडांशी जुळला नाही, आणि ऑगस्टपर्यंत डाव्या दाराचं पॅनेल खालून फुगलं. उजव्या दाराला जुनंच व्हिनाइल गरम हवेनं सोडवून नव्या हार्डबोर्डवर चिकटवलं होतं. त्या हार्डबोर्डला दोन्ही बाजूंनी आणि कडांना व्हार्निश दिलं होतं, ते आजही सपाट आहे. दोन्ही दारांत पॅनेलच्या मागं प्लॅस्टिकचा कागद लावलेला आहे. काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आतूनच वाहणार. ते तळाच्या भोकांतून बाहेर गेलं पाहिजे आणि पुठ्ठ्याला शिवता कामा नये. भोकं दर पावसाळ्याआधी तारेनं मोकळी करा.

कार्पेटखाली पूर्वी तागाचा नमदा होता. पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा खातो, म्हणून तिथं पाणी न शोषणारा फोम घातला. या पावसाळ्यात कुबट वास आला नाही.

दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा पोरंटोरं ती बघायला गर्दी करतात. ज्या गावानं जुनी मोटार अशी जपलीय, तिथं हे काम करणारे हात मिळणारच. ते मोटारीच्या दुकानांत सापडतील असं मात्र नाही. आम्हाला ते सुभाषनगरात आणि उद्यमनगरात मिळाले.

आता डाव्या दाराचं तयार पॅनेल काढून टाकणार आहे. त्याचं मूळ व्हिनाइल पोत्यात जपून ठेवलेलं आहे, कोपऱ्याला फाटलंय, पण मागनं पट्टी लावता येईल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते काम घेईन.