नवीन जंगली मशरूम ओळखायचं: मायक्रोस्कोप की डीएनए?

मायक्रोस्कोपवाली पद्धत स्वस्त, टोपीचा रंग बघायचा, कागदावर बीजाणूंचा ठसा घ्यायचा, मग बीजाणू मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजत बसायचं, पण पाऊस खाल्लेल्या मशरूमचा रंगच उडतो आणि सेम दिसणाऱ्या दोन जाती एकच वाटतात. डीएनएचं तसं नाही, आयटीएस नावाचा तुकडा वाचायचा, २०१२ मध्ये तोच बुरशीचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण म्हणून सुचवला गेला. आता हे बघा, २०१४ ला क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या दुकानातलं सुक्या पोर्सिनी मशरूमचं पाकीट तपासलं, माल चीनचा, १५ तुकड्यांचा डीएनए काढला तर त्यात ३ जाती अशा निघाल्या की ज्यांना विज्ञानात नावच नव्हतं! (लोक मात्र आरामात खात होते.) अशा सुक्या कापांवर टोपी-देठ बघून काय कळणार, डोंबल?

तरी नुसत्या आयटीएसवर मी तरी नवीन जात मानणार नाही, काही गटांत जवळच्या जाती त्यात वेगळ्या पडतच नाहीत आणि डीएनए जुळवून बघायच्या डेटाबेसमधली नावंपण कधीकधी चुकीची असतात. शंका डीएनएने काढावी, वर्णन मायक्रोस्कोपने लिहावं. आणि काहीही वापरा, नमुना जपून ठेवावा लागतोच, २०१३ पासून नवीन जातीच्या नावाचा रजिस्ट्रेशन नंबरपण लागतो.