पेडणे ते पणजी, दुचाकीविना आठ महिने: बस आणि रेल्वेचा अनुभव

जून २०२४ ते जानेवारी २०२५ असे आठ महिने मी पेडणे तालुक्यातील कोरगावहून पणजीत पाटोवरच्या कार्यालयात रोज सार्वजनिक वाहनांनी ये-जा केली. कमरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली आणि सतरा वर्षांची सवय एका दिवसात सुटली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि आज राज्यात नोंदवलेल्या वाहनांचा एकूण आकडा त्याच्याही पुढे गेला आहे. या राज्यात स्वतःचे वाहन न वापरता नोकरी करायची म्हणजे नेमके काय करावे लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली बसची: कोरगावहून पेडणे, तेथून म्हापसा आणि म्हापशाहून पणजी, म्हणजे तीन बस. दुसरी रेल्वेची: मालप्याला असलेल्या पेडणे स्थानकावरून थिवीमार्गे करमळी आणि करमळीहून बसने पणजी. चार महिने मी प्रामुख्याने बसने गेले, नंतरचे चार महिने शक्य असेल तेव्हा रेल्वेने.

बसच्या वाटेवरचा सर्वांत चांगला भाग म्हापसा ते पणजी. कदंब वाहतूक महामंडळाची शटल सेवा मला मनापासून आवडली. खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेने चढायचे, वाटेत कुठेही न थांबता पणजीला उतरायचे. त्या काळात पर्वरीच्या उन्नत मार्गाच्या कामामुळे त्या पट्ट्यात बस रेंगाळत असे, परंतु बसमध्ये बसायला जागा असते आणि पुढे किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येतो. १९८० साली स्थापन झालेल्या या महामंडळाबद्दल गोव्यात तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. तरीही प्रवाशाला तिकीट हातात देऊन, आसन देऊन, वेळेवर सोडणे येथे जमू शकते, हे ही शटल रोज दाखवते. म्हणूनच उरलेल्या मार्गांवर ते का जमत नाही, हा प्रश्न मला आठ महिने सोडून गेला नाही.

पेडणे ते म्हापसा हा माझा रोजचा खरा त्रास होता. या पट्ट्यात, आणि गोव्याच्या बहुतेक ग्रामीण मार्गांवर, खाजगी बस धावतात. मालकाकडे एक किंवा दोन बस असतात, मार्गाचा परवाना असतो आणि परवान्यावर फेऱ्यांच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. चालक आणि कंडक्टर यांची कमाई दिवसाच्या गल्ल्याशी बांधलेली असते. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की बसमध्ये जे जे घडते त्याचा उलगडा होतो. बस स्थानकावर भरेपर्यंत थांबते, कारण रिकामे आसन म्हणजे बुडालेले पैसे. मागची बस जवळ आली की तीच बस धारगळच्या उतारावर जिवाची पर्वा न करता सुटते, कारण पुढच्या थांब्यावरचे प्रवासी मागच्याला मिळता कामा नयेत. उभे राहायला जागा उरली नाही तरी कंडक्टर ‘फाटीं वचात, फाटीं वचात’ (मागे सरका) म्हणत आणखी चारजण आत घेतो. शुक्रवारी, म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, पाट्या आणि पिशव्या घेऊन निघालेल्या वृद्ध बायका या गर्दीत एका पायावर उभ्या असतात. थांबणे आणि धावणे या दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि त्यासाठी चालकाला शिव्या देऊन काही साधत नाही. तो त्याला लावून दिलेल्या हिशेबाप्रमाणे वागत असतो.

संध्याकाळी हाच हिशेब उलटा फिरतो. परवान्यावर असलेली रात्रीची फेरी अनेकदा प्रत्यक्षात होतच नाही. साडेसातनंतर म्हापसा स्थानकावर पेडण्याच्या बाजूला जाणाऱ्या प्रवाशांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते ती मी शंभरहून अधिक वेळा पाहिली असेल. एकदा न राहवून ओळखीच्या कंडक्टरला विचारले. त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘बाय, आठांची ट्रिप मारली जाल्यार डिझेलाचे पयशे लेगीत सुटनात.’ आठची फेरी मारली तर डिझेलचे पैसेसुद्धा सुटत नाहीत, हे तो खोटे बोलत नव्हता. परंतु रात्रीची बस येईल याची खात्री नाही म्हणून लोक स्वतःची दुचाकी घेऊन निघतात, आणि लोक नाहीत म्हणून बस निघत नाही. हे चक्र मोडायचे तर नुकसानीची फेरी कोणीतरी पदरमोड करून चालवलीच पाहिजे, आणि तो ‘कोणीतरी’ एका बसचा मालक असू शकत नाही. ते शासनाचे काम आहे.

ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ मला विसरता येणार नाही. त्या दिवशी आई माझ्याबरोबर होती, वय त्र्याहत्तर, डोळ्यांची तपासणी करून आम्ही परतत होतो. म्हापशाहून निघालेल्या खाजगी बसने प्रवासी थोडे उरले म्हणून पेडण्याच्या अलीकडे महामार्गावरच्या तिठ्यावर आम्हाला उतरवले आणि ती वळून परत गेली. तिकिटाचे पैसे पूर्ण पेडण्याचे घेतले होते. तिकिटाचा कागद दिला नव्हता, त्यामुळे तक्रारीला आधारही नव्हता. रस्त्याला दिवे नव्हते. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने आम्हाला घरी सोडले. दुसऱ्या दिवशी मी संबंधित खात्याकडे बसचा क्रमांक आणि वेळ यांसह लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, त्यापुढे आजवर काहीही कळलेले नाही. आई तेव्हापासून पणजीला यायला तयार होत नाही.

या अनुभवानंतर मी रेल्वेकडे वळले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि आमच्या तालुक्यात आगगाडी आली याचे अप्रूप आम्हाला कित्येक महिने होते. गोव्यातील पहिली रेल्वे त्याआधी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आली होती, पण ती मुरगाव बंदराला घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकशी जोडण्यासाठी. १८८१ साली लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या खाजगी कंपनीने, पोर्तुगीज सरकारने दिलेल्या व्याजाच्या हमीवर, ती बांधली. बंदर, मडगाव, कुळे, घाट असा तिचा रोख होता. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी यांचा तिच्याशी संबंध नव्हता, कारण तेथील माणसांच्या तिकिटांवर त्या भांडवलाचा परतावा निघणार नव्हता. सत्तरीत प्रवासी रेल्वे आजही नाही. रेल्वे कोणासाठी आखली जाते हे ती कोणाच्या पैशावर उभी राहते यावरून ठरते, हे गोव्याच्या नकाशावर स्पष्ट दिसते.

कोकण रेल्वे खाजगी नाही. १९९० साली केंद्र सरकार ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५ आणि गोवा व केरळ प्रत्येकी ६ टक्के अशा भागीदारीतून ते महामंडळ उभे राहिले. मात्र कर्जरोख्यांतून भांडवल उभारून मार्ग बांधल्यामुळे परतफेडीचा भार प्रवाशावरही आला: भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरात ४० टक्के वाढ धरली जाते. तरीही मासिक पासाचा खर्च तीन बसच्या महिन्याच्या खर्चापेक्षा बराच कमी येतो आणि डब्यात खिडकीशी बसून वाचता येते. कमरेला गचके बसत नाहीत, ही माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट. थिवी सोडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारी भातशेते आणि करमळीच्या तळ्याकाठी गाडीचा वेग कमी होणे, यामुळे कार्यालयात पोहोचताना माझे मन बसच्या दिवसांपेक्षा वेगळे असे.

अडचण गाड्यांच्या आखणीत आहे. पेडण्याला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि त्या बहुतेक लांबून येणाऱ्या. त्यांचे वेळापत्रक गोव्यातील नोकरदारासाठी बनवलेले नाही, आपण त्यांच्या वेळेत स्वतःला बसवायचे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा सोडला तर मार्ग एकेरी आहे, त्यामुळे समोरून वेगवान गाडी येत असेल तर पॅसेंजरला क्रॉसिंगसाठी बाजूच्या मार्गावर उभे राहावे लागते. २०१७ पासून तेजस आणि २७ जून २०२३ पासून वंदे भारत या मार्गावर धावते. दोन्ही पेडण्याला न थांबता जातात. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचतो तो असा आमच्या वेळेतून. त्या गाड्या नकोत असे मी म्हणत नाही. प्रत्येक नव्या वेगवान गाडीबरोबर मडगाव ते पेडणे अशी सकाळ-संध्याकाळ धावणारी एक स्थानिक गाडी का दिली जात नाही, एवढेच विचारते.

माझा पहिलाच महिना संपतो न संपतो तोच ९ आणि १० जुलैला पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक बंद पडली. याच बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली होती. भूगर्भाची अडचण मी समजू शकते, कारण मालप्याची माती आम्ही लहानपणापासून पाहतो. पण त्या दोन दिवसांत रेल्वेचे प्रवासी बसकडे वळले तेव्हा एकही जादा बस आमच्या रस्त्यावर मला दिसली नाही. रेल्वे बंद पडल्याची खबर बस सोडणाऱ्यापर्यंत पोहोचवणारी व्यवस्थाच नाही.

खाजगीकरणाच्या चर्चेत माझा आक्षेप नेमका येथे आहे. जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्यांसाठी प्रस्ताव मागवले: किमान १६ डबे, ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग, ३५ वर्षांचा करार, सुमारे ३०,००० कोटींची गुंतवणूक. २०२१ मध्ये निविदांना अगदी तुटपुंजा प्रतिसाद मिळाला आणि ती योजना मागे पडली. ती यशस्वी झाली असती तरी पेडण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला काय मिळाले असते? अशी वेगवान गाडी दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबत नाही. ज्या प्रवासात नफा आहे तो खाजगी हातात द्यायचा आणि ज्यात नाही तो कोणाच्याच हातात ठेवायचा नाही, असे झाले तर उरलेला प्रवासी पुन्हा दुचाकीवर बसतो. आमच्या बसमार्गांवर हे आधीच घडलेले आहे.

करमळी स्थानकावर उतरल्यानंतर याची रोज प्रचिती येई. पणजी तेथून अकरा-बारा किलोमीटर. गाडी येते, शे-दीडशे माणसे उतरतात, आणि बाहेर त्यांच्यासाठी थांबलेली बस नसते. पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले, दोन-चार असतात, पण माझ्या कमरेला ते चालत नव्हते. टॅक्सीचे भाडे रोज परवडणारे नाही. मी जुन्या गोव्याच्या रस्त्यापर्यंत चालत जाई आणि फोंड्याहून येणारी, आधीच भरलेली बस पकडे. पाऊस असेल तेव्हा छत्री, डबा आणि भिजलेली चप्पल घेऊन ती वाट पायी तुडवताना मला जाणवले की रेल्वे महामंडळाची जबाबदारी फलाटाच्या कडेला संपते, बसमालकाची त्याच्या परवान्याच्या शेवटच्या थांब्यावर संपते, आणि मधला तुकडा कोणाच्याच कागदावर नाही. पास निराळे, वेळापत्रके निराळी. कदंबचा पास खाजगी बसमध्ये चालला नाही, रेल्वेचा पास अर्थातच दोन्हींत चालत नाही. एकाच सकाळी मी तीन वेळा पैसे मोजत होते.

यावर उपाय नवा शोधावा लागत नाही. ‘म्हजी बस’ योजनेचे तत्त्व मला योग्य वाटते: खाजगी बस कदंब महामंडळाने आपल्या छत्राखाली घ्यायची, मालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे आणि तिकिटाचे उत्पन्न महामंडळाकडे ठेवायचे. मालकाची कमाई गर्दीवर अवलंबून राहिली नाही की बसला स्थानकावर भरत थांबण्याचे कारण उरत नाही, शर्यतीचे कारण उरत नाही आणि रात्रीची रिकामी फेरीही त्याला परवडते. म्हणजे खाजगी मालक राहू शकतो, फक्त त्याला कशाचे पैसे मिळतात ते बदलावे लागते. माझ्या मार्गावर या आठ महिन्यांत त्याचा परिणाम मला जाणवला नाही. मालकांशी बोलताना अनुदानाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत अशी जुनी तक्रार निघते, आणि एकदा थकबाकीचा अनुभव घेतलेला माणूस किलोमीटरच्या पैशांवर विश्वास ठेवायला कचरतो. तेव्हा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे देणे, हीच त्या योजनेची पहिली पायरी ठरावी.

आता प्रत्यक्ष उपयोगाचे. तुमचे घर म्हापसा शहरात आणि काम पणजीत असेल तर दुचाकी खुशाल सोडा, शटल पुरेशी आहे. थिवी किंवा पेडण्याच्या स्थानकाजवळ राहत असाल आणि काम मडगावला असेल तर रेल्वेचा पास नक्की काढा, मात्र गाडी उशिरा आली तर समजून घेणारा वरिष्ठ हवा. पेडण्याच्या आतल्या गावात राहून पणजीला जायचे असेल, तर सकाळचा प्रवास जमतो, परतीचा जमत नाही. चतुर्थीच्या आठवड्यात रेल्वेवर मुळीच विसंबू नका, मुंबईच्या गर्दीत डब्यात पाय ठेवायला मिळत नाही. रविवारी खाजगी फेऱ्या खूपच कमी होतात, त्या दिवशी रुग्णालयात किंवा लग्नाला जायचे असेल तर वाहनाची सोय आधी करून ठेवा.

फेब्रुवारीचा पास मी काढला आहे. सकाळी रेल्वेनेच जाईन. संध्याकाळी शेवटची बस आली नाही तर भाऊ पेडण्याला मोटारसायकल घेऊन येतो, आणि त्यासाठी तो आता रोज साडेसातपर्यंत दुकान बंद करतो.