मांजराच्या आजाराला नावच सापडेना: कोल्हापुरातच उपचार करायचे की पुणे गाठायचं?

आमची चिंगी अकरा महिन्यांची होती. नऊ दिवस ताप १०४च्या खाली उतरेना (मांजराचा एरवी १००.५ ते १०२.५ असतो). दोन अँटिबायोटिक्स देऊन झाली होती. बांगड्याच्या डोक्यासाठी जीव टाकणारी ती पोर ताटलीकडे पाठ करून मोरीतल्या गार फरशीवर पडून राहायची. रिपोर्ट चार, पण आजाराचं नाव एकाही कागदावर नाही. घरात दोन तट पडले. भाऊ म्हणत होता, आत्ता गाडी काढू. आईचं म्हणणं, "एवढ्या लांब तिला हिसके देत न्यायची व्हय?" तुमच्याही घरी आज हाच वाद चालू असेल, म्हणून आमच्यापुढे असलेले पर्याय शेजारी शेजारी ठेवते.

कोल्हापूर की शिरवळ-पुणे

आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर जास्त बसलेला, हे खरं. पण रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी शहरात होते. शिवाय मांजराला रोज तेच डोळे बघतात. काल पोट एवढं नव्हतं, आज हिरड्या पिवळसर दिसतात, हे त्यांनाच कळतं.

पुणे साधारण २३० किलोमीटर, साडेचार-पाच तास. खंबाटकी ओलांडली की पुण्याच्या अलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेही ध्यानात ठेवा. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. पुण्यात रात्रभर देखरेख, ऑक्सिजन, गरज पडल्यास रक्त चढवण्याची सोय मिळण्याची शक्यता जास्त. यातलं काही लागणार असेल तर जा. मात्र तोंड उघडून श्वास घेणारं मांजर तसंच गाडीत घालू नका. आधी इथे पोटा-छातीतलं पाणी काढून, ऑक्सिजन देऊन त्याला सावरू द्या.

नुसत्या एका तपासणीसाठी जाणार असाल, तर माझं स्पष्ट मत: मांजर घरी ठेवा, नमुना पाठवा. रक्त किंवा पोटातलं पाणी लॅबला जाऊ शकतं. हे आम्हाला सातव्या दिवशी सुचलं, पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आणखी तपासण्या की थेट उपचार

प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना एकच विचारा: "रिपोर्ट असा आला तर औषध काय बदलेल?" रक्तपेशींची मोजणी आणि स्लाइड या कसोटीला उतरतात. पांढऱ्या पेशी एकदम कोसळल्या तर पॅनल्युकोपेनियाचा (मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा) संशय येतो, रक्तातले जंतू दिसले तर डॉक्सिसायक्लिन सुरू होतं. मांजरांतल्या कोरोनाव्हायरसची अँटिबॉडी तपासणी उतरत नाही. ठणठणीत मांजरांतही ती पॉझिटिव्ह येते.

चिंगीच्या पोटातून सुईने काढलेलं पाणी फिकट हळदीच्या रंगाचं होतं, दोन बोटांत धरलं तर तार सुटायची. डॉक्टरांनी परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला आणि वरून त्या पाण्याचा थेंब सोडला. तो विरघळला नाही. जेलीसारखा लोंबत सावकाश खाली गेला. ही रिव्हाल्टा चाचणी. थेंब विरला असता तर एफआयपी (मांजरांतला तोच कोरोनाव्हायरस बिघडून होणारा जीवघेणा आजार, त्यात पोटात असं पाणी साठू शकतं) जवळजवळ बाद झाला असता. लोंबला म्हणून सिद्ध मात्र होत नाही. अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं गुणोत्तर ०.४च्या खाली असलं तर संशय दाट, ०.८च्या वर असलं तर बहुतेक नाही. तिचं ०.३ आलं.

इथे दोन वाटा फुटतात. स्टेरॉइड स्वस्त, कुठेही मिळतं, चार दिवस मांजर टवटवीत दिसतं. पण एफआयपी बरा होत नाही आणि लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असेल तर त्याचं निदान गढूळ होतं. दुसरी वाट जीएस-४४१५२४ या विषाणूविरोधी औषधाची. २०१९मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन यांच्या गटाने ३१ मांजरांवर ते वापरलं, २६ जणांनी बारा आठवडे पूर्ण केले. कोविडातलं रेमडेसिव्हिर शरीरात याच रेणूत बदलतं, त्यामुळे डॉक्टर कधी तेही वापरतात. खर्च मोठा आणि रोजचा. वजन वाढेल तसा डोसही वाढतो. आजार एफआयपीच असेल तर बहुधा दोन-पाच दिवसांत ताप उतरतो, म्हणजे उपचारच तपासणीचं काम करतो. म्हणून मी ही वाट निवडली. चिंगीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ८४ दिवस औषध चाललं. फायलीवर आजही "बहुधा एफआयपी" असंच आहे.

अ‍ॅडमिट की घरी

सलाइन आणि ऑक्सिजन लागेपर्यंत दवाखाना, एरवी घर. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतावर चरबी चढू लागते. सिरिंजने भरवायला डॉक्टरांकडूनच शिकून घ्या. डॉक्सिसायक्लिनच्या गोळीमागून थोडं पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिका भाजते. आणि ताप बघून क्रोसिनचा तुकडासुद्धा देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजराच्या तांबड्या पेशी नासतात, जीव जातो.

औषधाला आठवडाभर काहीच दाद नसेल, मांजर कण्हत असेल, तर शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात पाप नाही. आम्हीही ते बोलून ठेवलं होतं.

घरी ठेवलंत तर रात्री झोपेतले श्वास मिनिटभर मोजून वहीत लिहा. तिशीच्या पुढे जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवा, चाळिशी गाठली तर सकाळची वाट बघू नका. आमच्या वहीत पहिल्या रात्री ३८ आहे, चौथ्या रात्री २६.