चावऱ्या तांबूसाठी घरी येणारी ट्रेनर: पैसे वसूल, पण वेळ सांभाळून बोलवा

शिरोड्यात कुत्र्यासाठी ट्रेनर येतोय म्हटल्यावर आमच्या वाडीची आठवडाभर करमणूक झाली. येतोय नव्हे, येतेय. म्हापशाहून स्कूटरवर येणारी तिशीतली मुलगी. एका भेटीचे बाराशे, पेट्रोल त्यातच. आम्ही तीन भेटी घेतल्या.

तांबू आम्हाला मासळी बाजाराच्या मागे मिळाली. आई गाडीखाली गेलेली, ही जेमतेम पाच आठवड्यांची. दोन महिन्यांची होईतो घरात कुणाच्या पोटऱ्या शाबूत राहिल्या नव्हत्या. माझ्या गाऊनला लोंबकळायची, ह्यांची लुंगी दातात धरून झोपाळ्यापर्यंत फरफटत जायची. आमचे उपाय करून झाले होते: नाकावर टिचकी, वर्तमानपत्राची सुरळी, तोंड मुठीत दाबून ‘नाही’ म्हणणं. कुणी सांगितलं, चावली की पिल्लासारखं कुईं करून ओरडा. मी ओरडले. तिला वाटलं, खेळ आता कुठे रंगतोय. सासूबाई पडवीतून म्हणायच्या, “अगो, पिल्ला चावतलीच, तेंका खय हात आसत?”

मग एके दिवशी पुतण्याच्या मुलीच्या मनगटाला दात लागून रक्त आलं. पंधरा मिनिटं साबणाने नळाखाली धुतलं आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांची झाल्यावर देतात, म्हणजे तांबूची झालेली नव्हती. पोरीला जखमेत एक इंजेक्शन आणि दंडावर त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या नि अठ्ठाविसाव्या दिवशी. चौथ्या इंजेक्शनाला पोर रडली नाही, मी रडले. ट्रेनरला फोन केला तो त्या पहिल्या रात्रीच.

पहिली भेट सकाळी अकराला. तांबू झोपाळ्याखाली चारी पाय वर करून गाढ झोपलेली. ट्रेनर म्हणाली, उठवू नका. तास-सव्वा तास ती आमच्याशीच बोलली, सोलकढी प्यायली आणि गेली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. जाताना एवढंच सांगितलं की चावली की वेळ लिहून ठेवा. कालनिर्णयच्या मागे दुधाचा हिशोब असतो, त्याच्याच शेजारी मी रेघा मारायला लागले.

दुसरी भेट संध्याकाळी सहाला, आणि इथे बाराशेचे बाराशे वसूल झाले. तिने कॅलेंडर उलटवून रेघा मोजल्या. आठ दिवसांत एक्केचाळीस, त्यातल्या एकोणतीस साडेसहानंतरच्या. म्हणाली, “काकी, ही रागीट नाही, हिला झोप आलीय.” एवढ्या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा तास झोपायला हवं. आमच्याकडे दिवेलागणीला खानावळीची गिऱ्हाइकं, टीव्ही, पोरं, सगळा बाजार एकदम भरतो. पेंगुळलेलं मूल किरकिरतं, तशी ही चावत सुटते. त्या दिवसापासून सहा वाजले की तांबू मागच्या खोलीत, गोणपाटावर, दिवा बंद. पहिले दोन दिवस भुंकली. तिसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन पडली.

बाकीचं सोपं होतं, पण घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायचं, हे अवघड. दात लागला की हात हिसकायचा नाही, ओरडायचं नाही. उठून पडवीत आडव्या ठोकलेल्या फळीपलीकडे जायचं, अर्धा मिनिट थांबून परत यायचं. भावंडांत राहिली असती तर किती जोराने चावलं की खेळ मोडतो हे तिथेच शिकली असती. हिची शाळा पाचव्या आठवड्यातच सुटली. टिचकी नि सुरळी तर ट्रेनरने सक्त बंद करायला लावली. माराने पिल्लू हाताला घाबरतं आणि घाबरलेलं जास्त चावतं.

एका गोष्टीत मात्र ती हसली नाही. बांगड्याचं डोकं खाताना मी जवळ गेले तर तांबूचं अंग लाकडासारखं ताठ झालं, डोळ्याची पांढरी कड दिसली आणि बारीक गुरगुर. खेळताना ढुंगण वर करून चावते ते वेगळं, हे वेगळं, हे हलक्यात घेऊ नका, असं तिने तीनदा बजावलं. ताटली ओढायची नाही; लांबूनच चिकनचा तुकडा टाकून पुढे जायचं, म्हणजे माणूस जवळ आलं की काही मिळतं, काही जात नाही. त्याला सव्वा महिना लागला.

आता तक्रार. बाईंचे उपाय बंद दारांच्या फ्लॅटचे. ‘दार लावून घ्या’ म्हणे. आमच्या खळ्याला (अंगणाला) दार कुठलं? शेवटी ह्यांनी पडवीत प्लायवूडची ती फळी आडवी ठोकली. चावायला काय द्यायचं तर फ्रीजरमधलं गाजर (झकास चाललं) आणि सातशेचं रबरी खेळणं (दोन दिवसांत विहिरीत). पण नारळाच्या घरात काय द्यायचं नाही, हे ती बोललीच नाही. सासूबाईंनी सोडण (नारळाची साल) दिलं, दुसऱ्या दिवशी शीतून काथ्या निघाला. गुरांच्या डॉक्टरांनी झापलं: सोडण नको, शिजवलेलं हाड नको, आणि आंब्याचा बाठा तर अजिबात नको, आतड्यात अडकला की पोट फाडावं लागतं. मे महिन्यात आमच्या खळ्यात बाठ्यांचा सडा असतो, मी रोज दोनदा झाडते.

तिसरी भेट फुकट गेली. ती स्वतःच म्हणाली होती की फोनवर भागेल, मीच हट्ट केला. तेव्हा तांबू साडेचार महिन्यांची होती. ट्रेनर बसली होती त्या पायरीवर मला तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला. दुधाचे अठ्ठावीस पडून बेचाळीस येणार, तोवर शिवशिवणार, म्हणाली, आणि पिशवीत भरून दिलेली कोकमं घेऊन गेली.

बोलवायची असेल तर दोनच भेटी घ्या, दोन्ही संध्याकाळच्या. पावसाळ्यात ती येत नाही.